रकाना ‘हात’

रीगाच्या ट्राम डेपोमागे, दुसऱ्या मजल्यावर
हरवल्या-सापडल्याची कचेरी सहाला बंद होते.
मग मी उरते, आणि खाली
रुळांवरचा बर्फ खरवडणारी गाडी.

आयवार्स जाताना दारातून म्हणाला,
“झायगा, प्रॉडक्शनमधून फक्त स्कीमा घे.
ओळ एकही नको. नावं, फोन नंबर, काही नको.
मागच्या खेपेचं आठवतंय ना?”

आठवतंय.
मागच्या खेपेला चाचणीच्या एका पत्रानं
एका खऱ्या म्हातारबुवांना कळवलं होतं
की तुमची कवळी सापडली आहे.
ते आले होते. कवळी तोंडात घालूनच आले होते,
खात्री करून घ्यायला.

म्हणून आज नुसता सांगाडा.
आडात सगळं आहे
आणि पोहरा मात्र रिकामाच वर ओढायचा.

आज्ञा एका ओळीची.
कुठून आणि कुठे, हे तीनदा तपासते,
कारण दिशा उलटली तर
अख्ख्या शहराच्या छत्र्या पुसल्या जातील.
एंटर.

अडतं.
‘ट्रामथांबे’ तिकडे नाहीतच म्हणे,
आणि ‘वस्तू’ त्यांच्याकडे बोट करून उभी.
आधी थांबे न्यायचे, मग वस्तू.
पुन्हा एंटर.

सरकत येतात एकेक:
वस्तू. रंग. कुठे_सापडली. कुणी_आणून_दिली.
सापडल्याची_तारीख, रिकामी चालणार नाही.
परत_दिल्याची_तारीख, रिकामी चालेल.
हरवल्याची तारीख असा रकानाच नाही.
पाच वर्षं आहे मी इथे, आज दिसलं.
बरोबरच आहे म्हणा,
ती आपल्याला कोण सांगणार?

आणि सगळ्यात शेवटी, शेपटासारखा: हात.
डावा किंवा उजवा. तिसरं काही घेत नाही.
छत्रीला कसला हात, चष्म्याला कसला?
हा काढून टाका म्हणून मी दोनदा लिहून दिलंय.

पण रकान्यावरची टीप ही ओळ नसते,
ती साच्यातच धरतात,
म्हणून तीही आली, नियमात बसून.
स्काइद्रीतेबाईंची, निवृत्त व्हायच्या आधीची:
‘हातमोजे एकेकटेच येतात.
माणूस उरलेला घेऊन येतो, लावून बघतो.
आधी फोनवर हात विचारावा,
नाहीतर बिचाऱ्याला फुकटचा हेलपाटा.
बाहेर थंडी असते.’

बाईंना मी पाहिलेलं नाही.
त्यांच्या खुर्चीची गादी आहे अजून, मीच वापरते.

टेबलं तयार. सगळी शून्य ओळींची.
तिकडे आकडा चार लाखांच्या पुढे गेलाय,
इथे पुढचा नंबर: एक.
नव्या बिऱ्हाडातलं फडताळ असावं तसं,
कप्प्याकप्प्यावर चिठ्ठी आणि आत हवा.

पहिली ओळ सगळेच ‘टेस्ट टेस्ट’ अशी टाकतात.
मी आधी एक थांबा टाकला, मेझापार्क्स.
मग वस्तू: हातमोजा, लोकरी.
रंग: राखाडी, मनगटाशी लाल नक्षी.
हात: डावा.
गेल्या मंगळवारी अकरा नंबरच्या ट्राममध्ये, बहुतेक.
कुठे_सापडली?

बोटं थांबली.
मेझापार्क्स लिहिता आलं असतं, थांबा तयारच होता.
मी जागा मोकळी ठेवली आणि एंटर दाबलं.

नाकारलं. लाल अक्षरांत, सभ्यपणे.
सापडलेली नसेल
तर ती वस्तू इथे मांडता येत नाही.

मग छत्री टाकली. निळी, दांडा मोडका, मेझापार्क्स.
हात: उजवा, काहीतरी द्यावंच लागतं.
घेतली लगेच.
नंबर मिळाला दोन.

नाकारलेली ओळही आपला नंबर घेऊन जाते.
एक आता कुणालाच मिळणार नाही.

आयवार्सला कळवलं: स्कीमा आला, ‘हात’ राहू दे.
दिवा घालवला.
जिन्यात उजवा मोजा चढवला,
डावा हात खिशात.